वनातील दोन प्राणी : ओरँगउटान व अॅटलास पतंग
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी सृष्टिज्ञानाचा तुलना-पाठ)

सृष्टिज्ञानाच्या शिक्षणात तुलना हे फार उपयुक्त साधन आहे. एकच वस्तू मुलांपुढे ठेवली असता त्यांचे लक्ष तिच्या रंगरूपावर खिळून राहते. दोन वस्तू शेजारी ठेवल्या म्हणजे मात्र ‘ही अशी का आणि ती तशी का?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. शाळांतून होणारी तुलना बहुधा एकमेकांसारख्या वस्तूंची असते : गाय आणि म्हैस, कावळा आणि कोकिळा, आंबा आणि फणस. अशा तुलनेने निरीक्षणातील बारकावा वाढतो यात शंका नाही. परंतु प्राणिजीवनामागील मोठे नियम तिच्यातून सहसा हाती लागत नाहीत. त्यासाठी अगदी भिन्न स्वभावाचे, पण एकाच परिस्थितीत राहणारे दोन प्राणी निवडावे लागतात.

प्रस्तुत पाठासाठी असे दोन प्राणी घेतले आहेत. एक ओरँगउटान हा मोठा कपी आणि दुसरा अॅटलास या नावाचा पतंग. बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवरील दाट पावसाळी अरण्यात हे दोघेही राहतात. दोघेही झाडांवर वाढतात, दोघांचेही पोट झाडांवर अवलंबून असते, आणि दोघेही आपापल्या परीने प्रचंड आहेत. झाडावर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत ओरँगउटानाहून मोठा दुसरा नाही. जगातील सर्वांत मोठ्या पतंगांत अॅटलासची गणना होते. अरण्य एक, आधार एक. पण जगण्याची रीत मात्र परस्परांच्या अगदी उलट. हा विरोध मुलांच्या नीट ध्यानी आला म्हणजे पाठाचे निम्मे काम झाले.

पाठाचा हेतू

पाठाचे हेतू तीन आहेत. पहिला, सस्तन प्राणी व कीटक यांची शरीररचना आणि वाढ यांतील भेद मुलांना समजावा. दुसरा, उपजत ज्ञान कशास म्हणावे व शिकून मिळविलेले ज्ञान कशास म्हणावे, हे उदाहरणाने स्पष्ट व्हावे. तिसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा आहे. काही प्राण्यांची संख्या घटली तरी ती लवकर भरून निघते, काहींची पिढ्यान्‌पिढ्या भरून निघत नाही. हे असे का घडते याचे कारण मुलांना स्वतःच्या हिशेबाने काढता यावे.

पूर्वतयारी

आशियाचा नकाशा, एक फूटपट्टी, वजनकाटा व दोन्ही प्राण्यांची चित्रे एवढे साहित्य पुरेसे आहे. चित्रे न मिळाल्यास फळ्यावर बाह्यरेखा काढाव्यात. अॅटलास पतंगाचे चित्र कागदावर खऱ्या मापाचे काढून कातरून घेतल्यास फार परिणाम होतो, कारण पंख पसरले असता त्याची रुंदी सुमारे पंचवीस सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या वितीहूनही किंचित अधिक भरते. ओरँगउटानाच्या पसरलेल्या हातांची लांबी दोन मीटरांहून अधिक असते. ती भिंतीवर खडूने आखून दाखवावी व वर्गातील एखाद्या मुलास तेथे हात पसरून उभे करावे.

विषयप्रवेश

प्रारंभ ‘पतंग’ या शब्दापासून करावा. मुलांना संक्रांतीच्या सुमारास उडविण्याचा कागदी पतंग ठाऊक असतो. पावसाळ्याच्या रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या किड्यासही पतंगच म्हणतात, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. फुलपाखरू आणि पतंग यांत काय भेद, असा पुढचा प्रश्न विचारावा. फुलपाखरू बहुधा दिवसा हिंडते व बसताना पंख पाठीवर मिटते; पतंग बहुधा रात्री हिंडतो व बसताना पंख पसरतो. फुलपाखराच्या शृंगिका टोकाशी गाठीसारख्या असतात, तर पतंगाच्या पिसासारख्या किंवा धाग्यासारख्या असतात. एवढे सांगून झाल्यावर अॅटलासचे कागदी चित्र पुढे आणावे.

दुसऱ्या बाजूने वानराचा विषय काढावा. गावच्या वडापिंपळावर येणाऱ्या वानराला लांब शेपूट असते. ज्यांना शेपूट नसते त्या वर्गाला कपी म्हणतात, आणि त्यांतील मोठे कपी म्हणजे ओरँगउटान, गोरिला, चिंपँझी व बोनोबो. यांपैकी फक्त ओरँगउटान आशियात राहतो. इतर तिघे आफ्रिकेत राहतात. भारतात मोठा कपी नाही. आसाम व त्याच्या आसपासच्या प्रदेशात हुलॉक हा लहान कपी मात्र आढळतो. ओरँगउटान हा मलय भाषेतील शब्द असून ‘ओरँग’ म्हणजे माणूस व ‘हुतान’ म्हणजे अरण्य. ‘अरण्यातला माणूस’ हा अर्थ मुलांना सांगितला की नाव सहज पाठ होते.

प्रतिपादन : १. शरीररचना

ओरँगउटानाच्या अंगात हाडांचा सांगाडा असतो व त्यावर मांस आणि कातडी. पूर्ण वाढलेला नर पंच्याहत्तर ते नव्वद किलोग्रॅम भरतो. मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. केस तांबूस. हात पायांपेक्षा पुष्कळ लांब. हाताची बोटे आकड्यासारखी वळतात आणि पायांनीही फांदी पकडता येते, त्यामुळे जणू चार हात असल्याप्रमाणे तो झाडावरून झाडावर जातो. दात माणसासारखेच बत्तीस.

पतंगाची रचना याच्या उलट आहे. त्याच्या अंगात हाडे नाहीत. आधार बाहेरच्या कठीण कवचाचा असतो. शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग, पायांच्या तीन जोड्या, पंखांच्या दोन जोड्या. पंखांवर बारीक खवले असतात. पतंगाला हात लावल्यावर बोटाला जी भुकटी लागते ती हीच. अॅटलासच्या चारही पंखांवर एकेक त्रिकोणी पारदर्शक खिडकी असते. पुढच्या पंखांची टोके वळलेली असून त्यांवरील ठिपका व रेषा यांमुळे ती सापाच्या फण्यासारखी भासतात. चिनी भाषेत या पतंगाला सापाच्या डोक्याचा पतंग अशा अर्थाचे नाव आहे.

येथे एक चांगला प्रश्न विचारता येतो : पतंग ओरँगउटानाएवढा का होत नाही? मुले तर्क करतील. तो करू द्यावा. उत्तराचा एक भाग श्वसनात आहे. कपीला फुफ्फुसे असतात आणि रक्त प्राणवायू सर्व अंगभर पोहोचविते. पतंगाला फुफ्फुसे नसतात. त्याच्या अंगाच्या बाजूंवर बारीक श्वासरंध्रे असतात व तेथून सूक्ष्म नलिकांनी हवा सरळ आत शिरते. शरीर फार मोठे झाले तर अशा नलिकांनी खोलवर पुरेशी हवा पोहोचणे कठीण. दुसरा भाग कवचात आहे. कवच वाढत नाही, म्हणून वाढताना अळीला ते टाकून द्यावे लागते, आणि नवे कवच कठीण होईपर्यंत तिचे अंग मऊ व आधारहीन असते. मोठ्या वजनाच्या प्राण्याला असे क्षण झेपणार नाहीत.

२. अन्न

ओरँगउटान मुख्यतः फळे खातो. अंजिराच्या जातीची फळे, काटेरी ड्युरियन आणि इतर शेकडो प्रकारची फळे, पाने, साली व काही कीटक हा त्याचा आहार. अरण्यातील सर्व झाडे एकाच वेळी फळत नाहीत. कोणते झाड कोठे आहे, ते केव्हा फळते, कोणत्या फळाचे कवच कसे फोडावे, हे सर्व लक्षात ठेवावे लागते. फळांबरोबर गिळलेल्या बिया दूरवर पडतात आणि तेथे नवी झाडे रुजतात. म्हणजे ज्या अरण्यावर तो जगतो त्याची पेरणीही तोच करतो.

पतंगाचे अन्न त्याच्या वयाप्रमाणे बदलते. अळी पाने खाते, आणि अहोरात्र खाते. दालचिनी, पेरू, लिंबू यांसारख्या अनेक झाडांची पाने तिला चालतात. पूर्ण वाढलेली अळी दहा-अकरा सेंटीमीटर लांब, हिरवट व अंगावर पांढऱ्या मेणासारख्या भुकटीची असते. परंतु पंख फुटल्यावर हाच प्राणी काहीही खात नाही. प्रौढ अॅटलासची सोंड इतकी खुरटलेली असते की तिने त्याला रस पिता येत नाही. अळीच्या दशेत साठविलेल्या चरबीवर तो एक ते दोन आठवडे जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि दोघेही मरतात. हे ऐकून मुलांना फार नवल वाटते. त्या नवलाचा उपयोग करून सांगावे, की या प्राण्याने आपल्या आयुष्याची जणू वाटणी केली आहे : खाणे आणि वाढणे अळीकडे, उडणे आणि वंश चालविणे पतंगाकडे.

३. जन्म व वाढ

अॅटलासची मादी काही शेकडा अंडी घालते आणि निघून जाते. आठदहा दिवसांत ती फुटू लागतात. अळी चार-पाच आठवडे खाते व तेवढ्या काळात अनेक वेळा कात टाकते. नंतर पानांचा आधार घेऊन रेशमी धाग्याचा तपकिरी कोश विणते. कोशात सुमारे महिनाभर राहून ती पतंगाच्या रूपाने बाहेर पडते. अंड्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ अडीच-तीन महिन्यांचा.

ओरँगउटानाच्या मादीला पहिले पिल्लू चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास होते. गर्भकाल सुमारे साडेआठ महिने. एका वेळी बहुधा एकच पिल्लू. पहिली दोन वर्षे ते आईला सोडत नाही, तिच्या केसांना घट्ट धरून असते. पुढे सहा-सात वर्षांपर्यंत तिचे दूध पिते. दुसरे पिल्लू होण्यास सात-आठ वर्षे लागतात. वन्य सस्तन प्राण्यांत दोन बाळंतपणांतील एवढे मोठे अंतर क्वचितच दुसऱ्या कोणात आढळते. आयुष्य पन्नास वर्षांच्या पुढे जाऊ शकते.

हे आकडे फळ्यावर मांडून मुलांकडून हिशेब करवावा. पहिले पिल्लू पंधराव्या वर्षी व पुढे दर आठ वर्षांनी एक असे धरले, तर १५, २३, ३१, ३९ व ४७ या वयांत मिळून एका मादीला जन्मभरात पाच पिल्ले होतील. तीही सर्व जगली तर. पतंगाच्या वर्षास दोनच पिढ्या धरल्या तरी एका ओरँगउटानाच्या दोन बाळंतपणांच्या मधल्या आठ वर्षांत पतंगाच्या सोळा पिढ्या होऊन जातात.

४. उपजत ज्ञान व शिक्षण

पाठाचा हा भाग शिक्षकांनी सावकाश घ्यावा. पतंगाच्या अळीला कोणी शिकवीत नाही. तिची आई ती जन्मण्यापूर्वीच मेलेली असते. तरीही कोणती पाने खावीत, कात केव्हा टाकावी, कोश कसा विणावा, हे तिला बरोबर येते. नर पतंगाला मादीचा ठाव कोणी सांगत नाही. मादीच्या अंगातून निघणाऱ्या गंधद्रव्याचा अत्यंत सूक्ष्म अंश तो आपल्या पिसासारख्या शृंगिकांनी हेरतो व अंधारात पुष्कळ अंतरावरून तिच्यापर्यंत येतो. या ज्ञानाला उपजत ज्ञान म्हणतात. ते जन्माबरोबर येते आणि पुरे असते.

ओरँगउटानाचे पिल्लूही काही गोष्टी जन्मतःच जाणते : पकडणे, चोखणे, रडणे. पण एवढ्यावर ते अरण्यात जगू शकत नाही. कोणते फळ खाण्याजोगे व कोणते टाकण्याजोगे, कोणती फांदी वजन पेलेल, रात्री निजण्यासाठी फांद्या वाकवून व पाने अंथरून घरटे कसे बांधावे, हे ते आईजवळ राहून पाहते, करून बघते, चुकते आणि पुन्हा करते. मोठे ओरँगउटान जवळजवळ रोज संध्याकाळी नवे घरटे बांधतात. पिल्लू मात्र आईच्या शेजारी काटक्या मोडून घरट्याचा खेळ मांडते. पाऊस आला की काही जण मोठी पाने डोक्यावर धरतात. सुमात्रातील एका भागात ओरँगउटान काटकीने फळाच्या काटेरी फटीतून बिया उकरून काढतात. इतरत्र तेच फळ असूनही ही युक्ती दिसत नाही. वेगवेगळ्या वनांतील ओरँगउटानांच्या चालीरीती वेगळ्या असतात व त्या पाहून शिकल्या जातात, असे शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिले. म्हणजे या कपीला बालपण लागते ते केवळ वाढण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी.

वॉलेसची हकिकत

हा भेद मुलांच्या मनावर ठसविण्यासाठी एक खरी हकिकत उपयोगी पडेल. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५४ च्या अखेरीस बोर्निओतील सारावाक प्रांतात आला व १८५६ च्या आरंभापर्यंत तेथे राहिला. पुढे १८५८ मध्ये डार्विनबरोबर ज्याचा उत्क्रांतीविषयीचा निबंध लंडनमध्ये वाचला गेला तो हाच. कपी आणि पतंग या दोन्ही प्राण्यांचा त्याने अभ्यास केला व १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याची हकिकत लिहिली.

डोंगरावरील एका बंगलीच्या चुन्याने रंगविलेल्या पडवीत तो रात्री दिवा लावून बसे व भिंतीवर येणारे पतंग टिपून घेई. सव्वीस रात्रींत त्याला १,३८६ पतंग मिळाले. त्यांपैकी आठशेंहून अधिक केवळ चार रात्रींत आले, आणि त्या चारही रात्री अत्यंत काळोख्या व पावसाच्या होत्या. दिव्याकडे पतंग का येतात याविषयी पूर्वी अनेक तर्क होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार उडणारे अनेक कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. आकाशाचा उजेड वरून येतो तोवर ही सवय त्यांना सरळ ठेवते. दिवा जवळ आला म्हणजे तीच सवय त्यांना त्याच्याभोवती गरगर फिरविते. उपजत ज्ञान किती अचूक असते आणि परिस्थिती बदलल्यावर किती असहाय होते, हे यावरून दिसते.

त्याच प्रवासात वॉलेसने एका ओरँगउटान मादीची शिकार केली. त्या काळी संग्रहालयांसाठी प्राणी मारून नेण्याची रीत होती. मादी पडल्यावर तिचे तान्हे पिल्लू चिखलात पालथे पडलेले सापडले. त्याला अद्याप दात आले नव्हते. वॉलेसने ते घरी आणले. त्या भागात दूध मिळत नसल्याने त्याने त्याला तांदळाची पेज बाटलीने पाजली. पिल्लाने त्याची दाढी इतकी घट्ट धरली की ती सोडविणे अवघड झाले. काहीतरी केसाळ धरावयास हवे, म्हणून त्याने म्हशीच्या कातड्याची एक आई बनविली. पिल्लू तिला बिलगले. परंतु तिच्याजवळ दूध शोधू लागले तेव्हा त्याच्या तोंडात नुसते केस जाऊन ते गुदमरू लागले, आणि ती आई काढून टाकावी लागली. पुढे पिल्लाला दात आले, ते खेळू लागले. परंतु योग्य अन्नाच्या अभावी खंगत गेले व सुमारे तीन महिन्यांनी मरण पावले.

ही हकिकत सांगताना शिक्षकांनी वॉलेसला दोषी ठरवीत बसू नये व प्रसंग रंगवूनही सांगू नये. मुलांना एवढेच विचारावे : ‘पतंगाची आई मेली तर अळीचे काय बिघडते? आणि या पिल्लाची आई मेली तेव्हा त्याचे काय काय गेले?’ मुले प्रथम ‘दूध’ म्हणतील. मग ‘ऊब’ म्हणतील. एखादे मूल ‘त्याला कोण शिकवणार?’ असे म्हणेल. तेथे थांबावे, कारण पाठाचा गाभा तोच आहे.

५. संख्या व संकट

ओरँगउटानाच्या आज तीन जाती मानल्या जातात : बोर्निओतील, सुमात्रातील व सुमात्राच्याच एका लहान डोंगराळ भागातील तापानुली. तिसरी जाती २०१७ मध्ये वेगळी म्हणून ओळखली गेली आणि तिच्यात आठशेंहून कमी प्राणी उरले असल्याचा अंदाज आहे. तिन्ही जाती नामशेष होण्याच्या अगदी कड्यावर आहेत. तेलताडाची लागवड, लाकूडतोड, वणवे आणि शिकार ही त्याची कारणे. १९९९ ते २०१५ या काळात एकट्या बोर्निओत एक लाखाहून अधिक ओरँगउटान नाहीसे झाल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पतंगाची शेकडो अंडी असतात. पण त्यांतील बहुतेक अळ्या पक्षी, मुंग्या व गांधीलमाश्या यांच्या पोटात जातात. दोनशे अंड्यांपैकी दोन पतंग जगले तरी आईबापांची जागा भरून निघते. एक मोसम वाईट गेला तर पुढच्या मोसमात संख्या पुन्हा वाढू शकते. ओरँगउटानाचे तसे नाही. एक मादी मारली गेली की तिच्या पुढील सर्व पिल्लांची आशा गेली, कडेवरचे पिल्लू अनाथ झाले, आणि तिला ठाऊक असलेले अरण्यही तिच्याबरोबर गेले.

बोर्निओत अशा अनाथ पिल्लांसाठी संगोपन केंद्रे निघाली आहेत. मलेशियातील साबा राज्यातील सेपिलोक येथील केंद्र १९६४ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांतून माणसे पिल्लांना झाडावर चढावयास, अन्न ओळखावयास व घरटे बांधावयास उत्तेजन देतात. काही ठिकाणी या उपक्रमास ‘वनशाळा’ असेच नाव आहे. आई जे सहा-सात वर्षे सहज शिकविते, ते शिकविण्यास माणसांना अनेक वर्षांचे श्रम व मोठा खर्च पडतो. इतके करूनही काही पिल्ले स्वतंत्रपणे जगण्याइतकी तयार होत नाहीत. पतंगासाठी कोणी शाळा काढलेली नाही, कारण त्याला ती लागत नाही. त्याला लागते ते झाड. झाडे गेली तर शेकडो अंडीही त्याला वाचवू शकणार नाहीत, हेही मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

सामान्यीकरण

वरील विवेचनातून मुलांनी स्वतः नियम मांडावा. तो साधारणपणे असा होईल : काही प्राणी पुष्कळ संतती निर्माण करतात आणि तिच्यासाठी थोडे करतात, काही थोडी संतती निर्माण करतात आणि तिच्यासाठी पुष्कळ करतात. पहिल्यांचे बळ संख्येत, दुसऱ्यांचे बळ संगोपनात व शिक्षणात. ज्यांना बालपण मोठे लागते त्यांची हानी भरून येण्यास काळही मोठा लागतो.

शिक्षकांनी येथे तीन गैरसमज टाळावेत. पहिला, ‘यांत श्रेष्ठ कोण?’ हा प्रश्न मुलांकडून हमखास येतो. कपी हुशार म्हणून वर आणि पतंग किडा म्हणून खाली, अशी शिडी निसर्गात नाही. कीटकांचा वंश सस्तन प्राण्यांच्या फार पूर्वीपासून चालत आला आहे व आजही जगातील प्राण्यांच्या जातींत कीटकांच्याच जाती सर्वांत अधिक आहेत. दोघांनी जगण्याचे प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविले आहेत, एवढेच म्हणता येते. दुसरा, ‘माणूस ओरँगउटानापासून झाला’ असे सांगू नये. माणूस व ओरँगउटान यांचे पूर्वज एक होते आणि त्यांच्या वाटा एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या, असे सांगावे. माणूस, कपी व पतंग या तिघांचाही समान पूर्वज शोधू गेल्यास पन्नास कोटी वर्षांहूनही मागे जावे लागते. तिसरा, कीटक काहीच शिकत नाहीत असेही विधान करू नये. मधमाशी फुलांच्या जागा लक्षात ठेवते. भेद प्रमाणाचा आहे.

फळ्यावरील सारांश

ओरँगउटान : पृष्ठवंशी, सस्तन. पतंग : अपृष्ठवंशी, कीटक.
ओरँगउटान : आत हाडांचा सांगाडा, फुफ्फुसे. पतंग : बाहेर कवच, श्वासरंध्रे.
ओरँगउटान : जन्मभर फळे, पाने, साली. पतंग : अळी पाने खाते, प्रौढ काहीच खात नाही.
ओरँगउटान : सात-आठ वर्षांनी एक पिल्लू. पतंग : एका वेळी शेकडा अंडी.
ओरँगउटान : आईजवळ शिकतो. पतंग : उपजत ज्ञानावर जगतो.
ओरँगउटान : आयुष्य पन्नास वर्षे. पतंग : अडीच-तीन महिने.
दोघांचा आधार : अरण्य.

उजळणीचे प्रश्न

१. प्रौढ अॅटलास पतंग काही खात नाही, तरी उडण्याची शक्ती त्याला कोठून मिळते?
२. अळीला कात का टाकावी लागते? कपीला का लागत नाही?
३. ओरँगउटानाचे पिल्लू कोणत्या गोष्टी जन्मतः जाणते व कोणत्या शिकते? दोन याद्या करा.
४. एका वनात ओरँगउटानाच्या ४० प्रौढ माद्या आहेत. प्रत्येकीला आठ वर्षांत एक पिल्लू होते. तर वर्षाला सरासरी किती पिल्ले जन्मतील? दरवर्षी शिकारीत ६ ओरँगउटान मारले गेले तर वनातील संख्या वाढेल की घटेल?
५. पतंगासारखी पुष्कळ अंडी घालणारे आणि ओरँगउटानासारखी थोडी संतती वाढविणारे असे आपल्या गावातील दोन-दोन प्राणी सांगा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्षाला पाच पिल्ले असे येते. सहा मारले गेल्यास, इतर कोणतेही मृत्यू न धरताही, संख्या घटते. येथे केवळ भागाकार करवून पुढे जाऊ नये. ‘एकाचाच तर फरक आहे’ असे मुले म्हणतील. तो एक दरवर्षी वजा होत गेला तर वीस वर्षांनी काय होईल, हे त्यांना मांडून पाहू द्यावे.

उपयोजन

ओरँगउटान आपल्या मुलांना प्रत्यक्ष पाहावयास मिळणार नाही. पण पाठातील पतंगाचे आप्त त्यांच्या जवळपासच आहेत. अॅटलासच्या गणातील मोठा पतंग कोकणात व सह्याद्रीच्या दाट वनांतही आढळतो. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर ज्याच्या अळ्या वाढवून कोश काढतात तो टसरचा पतंग अॅटलासच्याच कुळातील असून प्रौढ झाल्यावर तोही काही खात नाही. त्या भागातील शिक्षकांनी कोश वर्गात आणून दाखवावा व टसरच्या कामातील जाणत्या गृहस्थास शाळेत बोलावून त्याच्याकडून माहिती सांगवावी. रेशीम काढण्यासाठी कोश उकळतात, पण पुढील पिकासाठी काही कोश राखून ठेवतात; त्यामागील हिशेब मुलांनी त्यास विचारावा.

इतर ठिकाणी शेताच्या बांधावरील किंवा परसातील एखादी अळी, ती ज्या झाडावर सापडली त्याच झाडाच्या फांदीसह, तोंडाला जाळीदार कापड बांधलेल्या बरणीत ठेवावी. केसाळ अळीस हात लावू देऊ नये, कारण तिच्या केसांनी अंगाला खाज सुटते. रोज ताजी पाने घालावीत, बरणी उन्हात ठेवू नये, आणि अळीची लांबी व कात टाकल्याची तारीख एका वहीत पाळीपाळीने मुलांनीच लिहावी. पतंग किंवा फुलपाखरू बाहेर पडल्यावर त्याला त्याच झाडाजवळ सोडून द्यावे. त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूस घरच्या शेळीचे करडू, गाईचे वासरू किंवा मांजरीची पिल्ले आईजवळ काय काय शिकतात याची नोंद मुलांनी ठेवावी. महिन्याच्या अखेरीस दोन्ही बाजू वर्गात मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

हा पाठ एका तासात संपविण्याचा आग्रह धरू नये. परिचय व शरीररचना एका तासात, जन्म, वाढ व शिक्षण दुसऱ्या तासात, आणि संख्येचा हिशेब गणिताच्या तासाला घेतल्यास विषय नीट मुरतो. पाठ यशस्वी झाला की नाही हे मुलांनी आकडे पाठ केले आहेत की नाहीत यावरून ठरवू नये. वहीतील नोंदींच्या आधारे, न सांगितलेल्या एखाद्या प्राण्याविषयी, ‘याची संख्या घटली तर लवकर भरून येईल का?’ याचे कारणासह उत्तर मूल देऊ शकले, म्हणजे पाठाचा हेतू साधला असे समजावे.